व्याकरणापासून जनुकसंचापर्यंत : एका संशोधक विद्यार्थ्याचा मार्ग व पुराव्याची शुद्धता

१

इ. स. २०२२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक स्वीडनमध्ये जन्मलेल्या स्वांते पेबो यांस देण्यात आले. नामशेष झालेल्या मानवजातींचे जनुकसंच वाचून मानवाच्या उत्क्रांतीविषयी त्यांनी जे नवे ज्ञान उपलब्ध करून दिले, त्याचा हा गौरव होता. जनुकसंच म्हणजे जीवाच्या पेशीत साठविलेला संपूर्ण आनुवंशिक मजकूर. डी.एन.ए. या द्रव्यातील चार रासायनिक घटक एका ठराविक क्रमाने जोडले जाऊन तो सिद्ध होतो. या घटकांस सोयीसाठी अक्षरे म्हटले, तर मानवाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. हा मजकूर समग्र वाचण्याचे शास्त्र गेल्या तीन-चार दशकांत उदयास आले आणि मृतांच्या अवशेषांतून तो वाचण्याची शाखा तर त्याहूनही अर्वाचीन आहे. या शाखेच्या प्रमुख प्रवर्तकांत पेबो यांची गणना होते.

आपल्या विद्याशाखेच्या दृष्टीने मननीय गोष्ट अशी की, या शास्त्रज्ञाच्या विद्यापीठीय शिक्षणाचा आरंभ प्राचीन मिसरी भाषेच्या व्याकरणाने झाला. भाषा व प्राचीनविद्या यांचा विद्यार्थी जनुकसंचाच्या प्रयोगशाळेत कसा पोहोचला, हा प्रश्न चरित्रात्मक कुतूहलापुरता मर्यादित नाही. जनुकीय पुरावा आज इतिहास, पुरातत्त्व व भाषाविज्ञान या तिन्ही क्षेत्रांत साक्षीदार म्हणून उभा राहिला आहे. त्याची उलटतपासणी कशी घ्यावयाची, हे आपणांस ठरवावे लागणार आहे. प्रस्तुत निबंधात पेबो यांच्या विद्यार्थिदशेचा व त्यानंतरच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे तो याच हेतूने. या वाटचालीचा आरंभ ज्या शोधाने झाला तो शोध पुढे टिकला नाही. परंतु तो का टिकला नाही हे समजून घेण्याच्या खटपटीतूनच पुढील शास्त्र उभे राहिले, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

पेबो यांचा जन्म १९५५ साली स्टॉकहोम येथे झाला. त्यांची आई एस्टोनियातून निर्वासित म्हणून आलेली रसायनतज्ज्ञ होती. वयाच्या तेराव्या वर्षी आईबरोबर मिसर देशाची यात्रा घडली आणि पिरॅमिडे व ममी यांनी या मुलाचे मन वेधून घेतले. त्या ओढीनेच १९७५ साली उप्साला विद्यापीठात त्यांनी मिसरविद्येचा अभ्यास आरंभिला; विज्ञानाचा इतिहास व रशियन भाषा हेही विषय घेतले. थडग्यांचे उत्खनन व ममींचा शोध यांची अपेक्षा धरून आलेल्या या विद्यार्थ्याच्या वाट्यास आली ती मात्र प्राचीन क्रियापदांची रूपे. हा अभ्यास आपल्या स्वभावाच्या मानाने फार संथ गतीने चालतो, असे त्यांस वाटू लागले. १९७७ साली त्यांनी वैद्यकाच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला आणि १९८१ पासून उप्साला येथेच पेर पेटरसन यांच्या मार्गदर्शनाखाली पेशीविज्ञानात पीएच.डी.चे संशोधन सुरू केले.

प्रबंधाचा विषय मिसरपासून फार दूरचा होता. ॲडिनो वर्गातील विषाणू मानवी पेशीत शिरल्यावर एक विशिष्ट प्रथिन तयार करतो. पेशीच्या पृष्ठभागावर जाऊन शरीराच्या संरक्षक यंत्रणेस धोक्याची वर्दी देणारे जे रेणू असतात, त्यांस हे प्रथिन आतल्या आत अडवून धरते. त्यामुळे पेशीत शत्रू शिरल्याचे संरक्षकांस कळत नाही. या यंत्रणेचा उलगडा हा प्रबंधाचा विषय होता आणि १९८६ साली त्यावर पदवी मिळाली. त्या काळी जैवरसायनशास्त्रात याहून अधिक प्रतिष्ठित विषय थोडेच होते. तरुण संशोधकाने याच मार्गाने सरळ पुढे जावे, असे कोणासही वाटले असते.

परंतु या प्रयोगशाळेत पेबो यांस एक साधन लाभले होते. डी.एन.ए.चा तुकडा जंतूंमध्ये घालून त्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत तेथे नित्याच्या वापरात होती. ताज्या पेशींतून असे तुकडे निघतात, तर हजारो वर्षांच्या वाळलेल्या शवातून ते का निघू नयेत, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. त्यांनी ग्रंथालयात शोध घेतला. या दिशेने काम झाल्याचे त्यांस आढळले नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, हा प्रश्न त्या प्रयोगशाळेतील दुसऱ्या कोणास सुचण्याचा संभव नव्हता. आणि मिसरविद्येच्या विभागात तो कोणास सुचला असता, तरी त्याचे उत्तर शोधण्याचे साधन तेथे नव्हते. एका विभागातील प्रश्न दुसऱ्या विभागातील साधनाशेजारी येऊन बसला, तो एका विद्यार्थ्याच्या ठायी.

३

प्रबंधाच्या कामात व्यत्यय आल्याचे मार्गदर्शकास आवडणार नाही, या समजुतीने पेबो यांनी हे काम रात्री व सुटीच्या दिवशी गुप्तपणे सुरू केले. पहिला प्रयोग अगदी साधा होता. बाजारातून वासराचे यकृत विकत आणून त्यांनी ते प्रयोगशाळेतील भट्टीत ५० अंश सेल्सिअस तपमानावर काही दिवस ठेविले. उष्ण व कोरड्या हवेत शव वाळते त्याची ही नक्कल होती. दुर्गंधीमुळे या गुप्त प्रयोगाचा सुगावा इतरांस लागण्याची वेळ आली. परंतु यकृत वाळून कडक झाल्यावर त्यातून डी.एन.ए. निघाले. ते तुकड्या-तुकड्यांचे होते, पण होते. वाळणे म्हणजे समूळ नाश नव्हे, एवढे यावरून सिद्ध झाले.

पुढची पायरी खऱ्या ममीची. येथे जुने विद्यास्थान उपयोगी पडले. उप्सालाचे मिसरविद्यातज्ज्ञ रोस्टिस्लाव होल्टहोअर यांच्या साहाय्याने प्रथम तेथील लहानशा संग्रहातील नमुने मिळाले आणि पुढे त्यांच्याच परिचयामुळे पूर्व बर्लिनमधील संग्रहालयाची दारे उघडली. शीतयुद्धाच्या त्या काळात पश्चिमेकडील विद्यार्थ्यास पूर्व जर्मनीच्या संग्रहातील ममींचे कण मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली रंगद्रव्याच्या साहाय्याने पाहता काही नमुन्यांत पेशीकेंद्रे अद्याप चमकताना दिसली. त्यात एका बालकाची ममी विशेष आशादायक ठरली.

या निष्पत्तीचा पहिला वृत्तान्त १९८४ साली पूर्व जर्मनीतील प्राचीनविद्येच्या एका नियतकालिकात जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. यजमानांविषयी कृतज्ञता दाखविण्याचा तो एक मार्ग होता. परंतु त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. त्याच वर्षी बर्कली येथील ॲलन विल्सन यांच्या प्रयोगशाळेने एक निबंध प्रसिद्ध केला. क्वागा नावाचा झेब्र्याच्या जातीचा प्राणी १८८३ साली नामशेष झाला होता. त्याच्या सुमारे १४० वर्षांच्या जुन्या कातड्यातून रसेल हिगुची व सहकाऱ्यांनी २२९ अक्षरे वाचली होती. मृतांच्या अवशेषांतून मजकूर निघतो हे आता सर्वमान्य झाले. १९८५ च्या एप्रिलमध्ये पेबो यांचा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात एकट्याच्या नावाने प्रसिद्ध झाला. २३ ममींची तपासणी केली असता सुमारे २,४०० वर्षांपूर्वीच्या एका बालकाच्या ममीतून ३,४०० अक्षरांचा तुकडा मिळाला, असा त्याचा निष्कर्ष होता.

या निबंधाचा एक परिणाम पेबो यांनी पुढे स्वतः नमूद केला आहे. विल्सन यांनी त्यांस पत्र लिहिले आणि आपणांस ‘प्राध्यापक पेबो’ यांच्या प्रयोगशाळेत येऊन काही काळ काम करता येईल काय, अशी पृच्छा केली. पेबो यांच्याजवळ तेव्हा ना प्रयोगशाळा होती, ना डॉक्टर ही पदवी. अर्थात प्रवास उलट दिशेने झाला. पदवीनंतर झुरिक येथे थोडा काळ काढून पेबो १९८७ साली बर्कलीस विल्सन यांच्याकडे गेले. विषाणूंवरील संशोधनाचा निश्चित मार्ग सोडून एका अनिश्चित शाखेत त्यांनी पाऊल टाकले ते येथे.

४

आता १९८५ च्या निष्कर्षाची परीक्षा केली पाहिजे. कारण या इतिहासाचे मर्म तेथे आहे. ममीतून निघालेला तुकडा मानवाचा होता हे कशावरून ठरले? त्यात ‘आलू’ या नावाने ओळखला जाणारा पुनरावृत्त मजकूर दोनदा आढळला. हा मजकूर मानवी जनुकसंचात दहा लाखांहून अधिक ठिकाणी आढळतो. आपल्याकडील पोथ्यांच्या आरंभी ‘श्रीगणेशाय नमः’ असते. तेवढ्याच अक्षरांचा एक कपटा हाती आला, तर तो कोणत्या तरी पोथीचा आहे असे म्हणता येईल. तो कोणत्या पोथीचा व कोणत्या शतकातला, हे सांगता येणार नाही. ‘आलू’च्या साक्षीचे मोल याहून अधिक नव्हते. तुकडा मानवाचा होता यात शंका नाही. तो त्या बालकाचा होता, की नमुना हाताळणाऱ्या एखाद्या विसाव्या शतकातील मानवाचा, याचा निवाडा त्यावरून होत नव्हता.

दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद आहे. मरणोत्तर रासायनिक बदलांच्या खुणा या तुकड्यात जवळजवळ दिसत नाहीत, असे निबंधात म्हटले होते आणि ते जतनाच्या उत्तम स्थितीचे लक्षण समजले गेले. पुढे याच लक्षणाचा अर्थ उलटा लागला. १९८९ साली पेबो यांनीच ४ वर्षांपासून १३,००० वर्षांपर्यंतच्या वाळलेल्या अवशेषांची पद्धतशीर तपासणी करून दाखविले की, जुने डी.एन.ए. सर्वत्र आखूड तुकड्यांचे व रासायनिक क्षती झालेले असते. या कसोटीस ३,४०० अक्षरांचा अखंड व निर्दोष तुकडा उतरत नाही. तो बहुधा अर्वाचीन मानवाच्या डी.एन.ए.ची भेसळ असावी, असे मत या क्षेत्रात रूढ झाले आणि पेबो यांनीही ते मान्य केले. ज्या निबंधाने कीर्ती दिली त्याच्याच आधाराचे खंडन करण्याचे साधन त्याच्या कर्त्याने निर्माण करावे, ही विद्येच्या इतिहासात विरळ गोष्ट आहे.

पाठचिकित्सेचा अभ्यास केलेल्यास यात अपरिचित असे काही वाटणार नाही. एखादी पोथी फारच शुद्ध, सुबोध व अखंड असेल, तर तेवढ्यावरून ती मूळ संहितेच्या जवळची ठरत नाही; कोणा विद्वान लेखनिकाने ती दुरुस्त केली असण्याचा संशय उलट बळावतो. जुन्या पुराव्यावर जुनेपणाच्या जखमा असावयास पाहिजेत, हा दंडक दोन्ही शास्त्रांनी स्वतंत्रपणे शोधून काढला. पेबो यांस तो मिसरी व्याकरणाने शिकविला असे म्हणण्यास आधार नाही. परंतु दोन्हीकडील अडचण एकाच स्वरूपाची आहे: मूळ हाती नाही, हाती आहेत त्या झिजलेल्या व हाताळलेल्या प्रती.

५

१९८५ नंतर पॉलिमरेज शृंखला-प्रक्रिया प्रचारात आली. कॅरी मुलिस यांनी १९८३ साली कल्पिलेल्या या प्रक्रियेत डी.एन.ए.चा इच्छित तुकडा प्रत्येक फेरीस दुप्पट होतो. ३० फेऱ्यांत एका तुकड्याच्या १०० कोटींहून अधिक प्रती होतात. अवशेषांतील विरळ मजकूर शोधण्यास हे साधन वरदानासारखे होते. परंतु ते निवड करीत नाही. संशोधकाच्या त्वचेचा एक कण नमुन्यात पडला, तर त्याचीही प्रत तितक्याच तत्परतेने निघते. आणि तो ताजा असल्यामुळे झिजलेल्या मूळ मजकुराच्या आधी निघते.

याचे परिणाम लौकरच दिसू लागले. १९९० साली १ कोटी ७० लक्ष ते २ कोटी वर्षांच्या मॅग्नोलियाच्या पानांतून डी.एन.ए. मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. इतका काळ हे द्रव्य पाण्याच्या सान्निध्यात टिकणे रसायनशास्त्राच्या दृष्टीने असंभाव्य आहे, अशी शंका पेबो व विल्सन यांनी १९९१ साली घेतली. १९९४ मध्ये तर ८ कोटी वर्षांपूर्वीच्या, डायनोसॉरच्या मानल्या गेलेल्या हाडांतून मजकूर निघाल्याचे जाहीर झाले. पेबो १९९० पासून म्युनिक येथे प्राध्यापक होते; तेथील त्यांच्या गटाने १९९५ साली दाखविले की, तो मजकूर मानवाच्याच जनुकसंचातील एका अल्पपरिचित भागाशी जुळतो. एक दशक ज्ञानापेक्षा वार्तांचेच अधिक होते, असे म्हणावयास हरकत नाही.

या अनुभवातून नियम बनले. नमुन्याची हाताळणी स्वतंत्र व निर्जंतुक खोलीत व्हावी. प्रत्येक प्रयोगाबरोबर अवशेषाविना कोरा प्रयोगही करावा. महत्त्वाचा निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे पडताळावा. १९९७ साली या नियमांची कसोटी लागली. १८५६ साली जर्मनीतील निआंडर खोऱ्यात सापडलेल्या ज्या सांगाड्यावरून निअँडरथल मानवाचे नाव पडले, त्याच सांगाड्याच्या बाहूच्या हाडाचा अल्पसा अंश म्युनिकच्या गटास मिळाला. माथियास क्रिंग्स या संशोधक विद्यार्थ्याने त्यातून तंतुकणिकांच्या डी.एन.ए.चा मजकूर वाचला. तो आजच्या कोणत्याही मानवाशी जुळत नव्हता. तेवढ्यावर विश्वास न ठेवता हाडाचा दुसरा अंश अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथे पाठविण्यात आला. तेथेही तोच मजकूर मिळाला, तेव्हाच निबंध प्रसिद्ध झाला. एका वाक्याच्या पाठासाठी दोन स्वतंत्र पोथ्यांची साक्ष मागण्यासारखेच हे होते.

६

१९९७ साली लाइपझिग येथे उत्क्रांतिविषयक मानवशास्त्राची माक्स प्लांक संस्था स्थापन झाली व पेबो तिच्या संस्थापक संचालकांपैकी एक झाले. तेथे २००६ साली निअँडरथलांचा समग्र जनुकसंच वाचण्याचा संकल्प जाहीर झाला. याही वेळी पहिल्या पावलास ठेच लागली. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक मजकुरात अर्वाचीन मानवाची भेसळ असावी, असे २००७ साली अन्य संशोधकांनी संख्याशास्त्राच्या आधारे दाखविले. तेव्हा पुढील कामात निर्जंतुक खोलीतच प्रत्येक तुकड्यास चार अक्षरांची एक ओळखखूण जोडण्याची पद्धत स्वीकारली गेली. खोलीबाहेर शिरलेल्या तुकड्यावर ती खूण नसते, म्हणून तो सहज वेगळा काढता येतो.

याच सुमारास एक नवी कसोटी हाती आली. मृत्यूनंतर डी.एन.ए.तील ‘सी’ या अक्षरात असा रासायनिक बदल होतो की वाचताना ते ‘टी’ असे दिसते. आणि हा दोष तुकड्यांच्या टोकांशी विशेष एकवटलेला असतो. २००७ साली लाइपझिगच्या गटाने या दोषाचे स्वरूप सविस्तर मांडले. प्रथमदर्शनी ही निव्वळ अडचण होती. पण तीच ओळख ठरली. जुन्या देवनागरी पोथ्यांत एकारासाठी अक्षराच्या डावीकडे पृष्ठमात्रा देत असत. ती प्रथा न जाणणाऱ्या नंतरच्या लेखनिकाने तिला आधीच्या अक्षराचा काना समजून नक्कल केली, तर पाठ अशुद्ध होतो; परंतु त्या अशुद्धीमुळेच त्याच्यासमोरची प्रत जुनी होती हे आपणांस कळते. ‘सी’चा ‘टी’ होणे हा निसर्गाचा असाच हस्तदोष आहे. ज्या तुकड्यांच्या टोकांशी तो आढळतो ते जुने. ज्यांवर तो नाही त्यांविषयी संशय घ्यावा.

या कसोटीमुळे एक जुनी कोंडी फुटली. निअँडरथलाचा मजकूर आपल्याहून भिन्न असल्यामुळे भेसळ ओळखू येते. परंतु ममीतील मानव आपल्यासारखाच असल्यामुळे त्याचा मजकूर व संशोधकाचा मजकूर यांत भेद करता येत नसे. २०१० साली रशियातील कोस्त्योन्की येथील सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीच्या अर्वाचीन मानवाच्या अवशेषास ही हस्तदोषाची कसोटी लावून त्याचा तंतुकणिकांचा मजकूर प्रमाणित करण्यात आला. त्या निबंधाचे पहिले लेखक योहान्नेस क्राउजे हे पेबो यांचे विद्यार्थी. पुढे २०१७ साली याच क्राउजे यांच्या गटाने मिसरमधील अबुसिर अल्‌-मलेक येथील १५१ ममीभूत व्यक्तींच्या अवशेषांची तपासणी करून ९० व्यक्तींचा तंतुकणिकांचा व ३ व्यक्तींचा संपूर्ण जनुकसंचातून घेतलेला मजकूर प्रसिद्ध केला. १९८५ साली एका विद्यार्थ्याने जे विचारले त्याचे विश्वसनीय उत्तर मिळण्यास ३२ वर्षे लागली आणि ते त्याच्या विद्यार्थ्याकडून मिळाले.

७

२०१० साली निअँडरथल जनुकसंचाचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. क्रोएशियातील विंदिया गुहेतील तीन हाडांमधून तो जुळविला होता. त्यात असे दिसले की, आफ्रिकेबाहेरील आजच्या मानवांच्या जनुकसंचाचा १ ते ४ टक्के भाग निअँडरथलांकडून आलेला आहे. या निष्कर्षाची सिद्धता पाठचिकित्सकाने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे.

पाठचिकित्सेत आपण दोन प्रकारच्या मिश्रणांत भेद करतो. उत्तरकालीन मजकूर जुन्या संहितेत घुसविला गेला तर तो प्रक्षेप. दोन स्वतंत्र परंपरांच्या पोथ्या समोर ठेवून लेखनिकाने दोहींतील पाठ एकत्र केले तर तो संकर. प्रक्षेप काढून टाकावयाचा असतो. संकर हा मात्र परंपरेच्या इतिहासाचाच भाग असतो. निअँडरथलांच्या बाबतीत हेच दोन पर्याय समोर होते. निअँडरथल व आजचे युरोपीय यांच्यात साम्य दिसले, तर त्याचे कारण प्राचीन काळचा संकर असेल, किंवा हाडे हाताळणाऱ्या युरोपीय संशोधकांच्या डी.एन.ए.चा प्रक्षेप असेल. दोहींचे बाह्य लक्षण एकच.

हा निवाडा तुलनेसाठी निवडलेल्या साक्षीदारांवरून झाला. सान व योरुबा हे दोन आफ्रिकी, तसेच फ्रेंच, हान चिनी व पापुअन, असे पाच मानवी जनुकसंच तुलनेस घेतले होते. भेसळ युरोपीय हातांची असती, तर साम्य फ्रेंच व्यक्तीशी अधिक व इतरांशी कमी दिसले असते. प्रत्यक्षात आफ्रिकेबाहेरील तिघांशी ते जवळजवळ सारखे आढळले. पापुआत तर निअँडरथलांचे अवशेष कधी सापडलेलेच नाहीत. म्हणून मिश्रण प्रयोगशाळेत झालेले नसून, आफ्रिकेबाहेर पडलेल्या मानवांच्या शाखा अलग होण्यापूर्वी झालेले असले पाहिजे. १९८५ च्या निबंधात जो प्रश्न विचारलाच गेला नव्हता, तो येथे सिद्धतेचा मध्यबिंदू झाला आहे. त्याच वर्षी सायबेरियातील डेनिसोवा गुहेतील बोटाच्या एका लहानशा हाडातून आणखी एक अज्ञात मानवशाखा उजेडात आली. तिचे अस्तित्व प्रथम कळले ते सांगाड्यावरून नव्हे, मजकुरावरून.

८

आपल्या प्रांतात या विषयाशी संबंध येतो तो दोन ठिकाणी. पहिला पद्धतीचा. वंशवृक्षाची कल्पना भाषाविज्ञान, पाठचिकित्सा व जीवशास्त्र या तिघांची समाईक मालमत्ता आहे. श्लायखर यांनी भाषांचा वंशवृक्ष डार्विनच्या ग्रंथापूर्वी, १८५३ साली, मांडला होता. आणि १९९८ साली चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’च्या हस्तलिखितांचा वृक्ष जीवशास्त्रीय गणिताच्या साहाय्याने काढण्यात आला. पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली आरंभिलेली व १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती हा याच विचाराचा आपल्याकडील सर्वांत मोठा प्रयोग होय. तिचे प्रधान संपादक विष्णु सीताराम सुकथनकर हे केंब्रिज येथे गणित शिकले आणि पुढे बर्लिन येथे ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृत व्याकरणावर प्रबंध लिहून प्राच्यविद्येकडे वळले. १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत प्रक्षेप व संकर यांचे जे विवेचन आहे, ते प्राचीन डी.एन.ए.च्या अभ्यासकाने वाचावे आणि त्याचे नियम आपण वाचावेत. एक विद्यार्थी गणिताकडून पोथ्यांकडे आला, दुसरा व्याकरणाकडून जनुकसंचाकडे गेला. दोघांसही पूर्वीच्या विषयाचा भार झाला नाही.

दुसरा संबंध प्रत्यक्ष पुराव्याचा. हरियाणातील राखीगढी येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. तेथील साठाहून अधिक नमुन्यांपैकी केवळ एका स्त्रीच्या अवशेषांतून वाचण्याजोगा जनुकसंच मिळाला व २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. उष्ण हवामानात हे द्रव्य किती दुर्मीळ होते, याची कल्पना या प्रमाणावरून यावी. या स्त्रीच्या जनुकसंचात युरेशियातील गवताळ प्रदेशाच्या पशुपालकांचा अंश आढळला नाही. त्याच वर्षी ५२३ प्राचीन व्यक्तींच्या आधारे प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या निबंधाने हा अंश भारतीय उपखंडात इ. स. पूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात आल्याचे प्रतिपादिले. या दोन निबंधांवरून वृत्तपत्रांत परस्परविरोधी मथळे आले, हे वाचकांस स्मरत असेल.

भाषाविज्ञानाचा अध्यापक या नात्याने येथे एक मर्यादा नोंदविणे अवश्य आहे. जनुकसंच माणसांच्या वंशाविषयी साक्ष देतो. ती माणसे कोणती भाषा बोलत होती याविषयी तो मुका असतो. आजचे हंगेरियन लोक वंशाने बहुतांशी शेजाऱ्यांसारखेच आहेत. त्यांची भाषा मात्र उरल कुळातील आहे. राखीगढीची स्त्री कोणती भाषा बोलत होती, हे तिच्या अस्थींवरून सांगता येणार नाही. लोकांच्या स्थलांतराचा काळ व भाषाप्रसाराचा अनुमित काळ जुळत असेल, तर ते महत्त्वाचे अनुमान होय. परंतु त्यातील भाषेची बाजू ध्वनिनियम, उसने शब्द व संहितांचा कालक्रम यांवरूनच सिद्ध करावी लागेल. ते काम आपले आहे आणि आपण ते केले नाही, तर दुसरे कोणी ते घाईने करील.

९

या इतिहासातून पदव्युत्तर विद्यार्थ्यांस व अध्यापकांस काय घेता येईल? विषयांतर हे सर्वदा चंचलतेचे लक्षण नसते, हे तर उघडच आहे. मिसरविद्या सोडणाऱ्या विद्यार्थ्याने तिचा प्रश्न सोडला नव्हता. परंतु एवढ्यावरून केवळ धाडसाची थोरवी गाणे अपुरे होईल. धाडसाने १९८५ चा निबंध लिहिला आणि तो टिकला नाही. टिकले ते त्यानंतरचे संथ काम: कोरे प्रयोग, स्वतंत्र पडताळा, क्षतींचे मोजमाप. ज्या संथपणाला कंटाळून हा विद्यार्थी व्याकरणापासून दूर गेला, तोच संथपणा त्यास प्रयोगशाळेत पुन्हा स्वीकारावा लागला.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मानव्यविद्यांच्या विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांस जनुकीय निबंध त्यांच्या निष्कर्षांपुरते न वाचता त्यांच्या सिद्धतेसह वाचावयास शिकवावे: नमुने किती, यशस्वी किती, भेसळीची कसोटी कोणती, तुलनेस कोण घेतले. हे प्रश्न पोथीला विचारावयाच्या प्रश्नांहून फारसे निराळे नाहीत. आणि एखाद्या विद्यार्थ्याने दुसऱ्या विभागातील साधन मागितले, तर ते त्यास दिवसाउजेडी मिळेल अशी सोय असावी. उप्सालाच्या विद्यार्थ्याने रात्री काम केले. त्यामुळे त्याच्या पहिल्या निष्कर्षास शंका विचारणारा माणूसही त्या वेळी शेजारी नव्हता.